अंड्यांच्या पोषणाबद्दल खात्रीची माहिती कुठे मिळेल?

जयश्री_सांगोला

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे, देण्याचा निर्णय राज्य शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला होता. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी बंद झाला आणि ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी ती लोकसहभागातून द्यावीत, असे ठरले. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीला अंडी चालू ठेवायची आहेत आणि गावातल्या काही जणांनी वर्गणी देण्याची तयारीही दाखवली आहे. येत्या पालकसभेत हा विषय मांडण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

सभेआधीच पालकांच्या मोबाइलवर अंड्यांविषयी एकमेकांशी न जुळणारा मजकूर फिरू लागला आहे, ही माझी अडचण आहे. एका संदेशात एका अंड्यात 13 ग्रॅम प्रथिने असतात असे म्हटले आहे, तर दुसऱ्यात 6 ग्रॅम. एका चित्रफितीत प्लास्टिकची अंडी दाखवली आहेत. पोल्ट्रीच्या अंड्यांत काही कस नसतो, गावरानच द्यावे, असे बरेच जण ठामपणे सांगतात. अंड्याने हृदयविकार होतो, अंडे उन्हाळ्यात उष्ण पडते, अंड्यातल्या औषधांमुळे कर्करोग होतो, अशीही वाक्ये आहेत. दुसऱ्या बाजूला अंडे म्हणजे परिपूर्ण आहार, त्याने मुलांची उंची वाढते, असेही संदेश आहेत.

अंडे चांगले की वाईट याबद्दलची मते मला नको आहेत. कोणता स्रोत कोणत्या प्रश्नासाठी विश्वासार्ह मानावा आणि तो कसा वाचावा, हे कोणी समजावून सांगितले तर मी पालकांसमोर आत्मविश्वासाने उभी राहू शकेन. मला इंग्रजी वाचता येते, पण शोधनिबंध वाचण्याची सवय नाही.

सुनीता_परभणी

जयश्रीताई, मी गृहविज्ञान महाविद्यालयात अनेक वर्षे अन्न व पोषण हा विषय शिकवला आहे. तुमच्या प्रश्नांपैकी काही ‘अंड्यात काय असते’ या प्रकारचे आहेत आणि काही ‘अंडे खाल्ल्याने शरीरात काय होते’ या प्रकारचे. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मोजून मिळतात आणि त्यांबद्दल जगभरात फारसा वाद नाही. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांसाठी हजारो माणसांचा अनेक वर्षे अभ्यास करावा लागतो आणि तिथे मतभेद असणे स्वाभाविक आहे. पालकांच्या मनात हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात आणि मग एका ठिकाणचा मतभेद पाहून दुसऱ्या ठिकाणच्या पक्क्या माहितीवरचाही विश्वास उडतो. मी पहिल्या प्रकाराबद्दलच लिहिते.

भारतासाठी सर्वांत भरवशाचा स्रोत म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय अन्नघटक कोष्टके. ही संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अखत्यारीत चालते. 1918 मध्ये कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांच्या बेरीबेरीवरील (ब1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजारावरील) संशोधनातून तिची सुरुवात झाली आणि 1958 मध्ये ती हैदराबादला हलवण्यात आली. 2017च्या कोष्टकांसाठी देशाचे सहा विभाग पाडून त्यांतून नमुने गोळा केले गेले आणि 528 खाद्यपदार्थांचे विश्लेषण करण्यात आले. त्यात पोल्ट्रीचे अंडे आणि गावरान कोंबडीचे अंडे यांच्या वेगळ्या नोंदी आहेत, शिवाय कच्चे अंडे, उकडलेले अंडे, पांढरा भाग आणि पिवळा बलक यांच्याही. खाद्यपदार्थांची भारतीय भाषांतली नावेही दिलेली आहेत. यापूर्वी संस्थेचेच जे जुने कोष्टक सर्वत्र वापरले जाई, ते मुळात 1971 मध्ये प्रसिद्ध झालेले होते आणि आजही कितीतरी मराठी आरोग्यपुस्तिकांतले आकडे त्यातूनच घेतलेले दिसतात. त्यामुळे एखाद्या पुस्तिकेत आकडा दिसला की तो कोणत्या वर्षीच्या कोष्टकातला आहे, हे आधी पाहावे.

आता 13 ग्रॅम आणि 6 ग्रॅम यांचा घोळ. दोन्ही आकडे खरे आहेत. कोष्टकातला प्रत्येक आकडा पदार्थाच्या खाण्यायोग्य 100 ग्रॅम भागासाठी असतो आणि कवचाशिवाय 100 ग्रॅम अंड्यात सुमारे 13 ग्रॅम प्रथिने असतात. पण अंडे काही 100 ग्रॅमचे नसते. आपल्याकडे 50 ग्रॅमचे अंडे घेतले तर त्यातले दहाएक टक्के वजन कवचाचे असते, म्हणजे खाण्यासारखे 44-45 ग्रॅम उरते आणि त्यात साडेपाच ते सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. अमेरिकी संकेतस्थळांवर ‘मोठ्या’ अंड्यासाठी 6.3 ग्रॅम हा आकडा दिसतो, कारण त्यांचे मोठे अंडे कवच काढल्यावरच 50 ग्रॅमचे धरलेले असते. गावरान अंडे आकाराने लहान असल्यामुळे त्यात याहूनही कमी प्रथिने असतात. म्हणून तुम्ही पालकांना आकडा सांगाल तेव्हा ‘एका अंड्यात’ असे सांगा आणि अंड्याचे वजन किती धरले तेही सांगा.

दुसरी सावधगिरी ऊर्जेच्या एककाची आहे. 2017च्या कोष्टकांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. 100 ग्रॅम अंड्यासाठी तिथे सुमारे 560 हा आकडा दिसतो आणि तो किलोकॅलरी समजून कोणी पुढे पाठवला, तर अंडे चौपट ऊर्जा देणारे ठरते. 4.184 ने भागले की सुमारे 135 किलोकॅलरी येतात, म्हणजे एका अंड्यामागे साधारण 60 ते 70.

अंड्यात काय नसते तेही कोष्टकातून कळते आणि मला ते तितकेच महत्त्वाचे वाटते. अंड्यात क जीवनसत्त्व नाही आणि तंतुमय पदार्थही नाहीत. प्रथिने उत्तम प्रतीची आहेत, ब12, अ आणि ड जीवनसत्त्वे आहेत, मेंदूच्या वाढीला लागणारा कोलीन हा घटक भरपूर आहे. तरीही ‘परिपूर्ण आहार’ हे वर्णन कोष्टकावर टिकत नाही. त्याच्याबरोबर डाळ-भात, पालेभाजी आणि एखादे फळ लागतेच. ज्या संदेशात एखाद्या पदार्थाचे फक्त गुण सांगितलेले असतात, त्याकडे मी नेहमी जरा अधिक काळजीने पाहते.

कोष्टकांच्या जोडीला याच संस्थेची 2024 मध्ये आलेली भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे वाचा. ती संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहेत. कोष्टक पदार्थात काय आहे ते सांगते आणि मार्गदर्शक तत्त्वे दिवसभराच्या ताटात काय असावे ते सांगतात, म्हणून ती दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावीत.

भोसले_विटा

मॅडम, आमच्या भागात पोल्ट्री हा मोठा धंदा आहे आणि माझे स्वतःचे लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, पक्ष्यांचे शेड आहे. त्यामुळे मी जे सांगतो आहे ते अंडी विकणाऱ्याचे म्हणणे आहे, हे पालकांना जरूर सांगा आणि सुनीता मॅडमांनी सांगितलेल्या कोष्टकाशी ते पडताळून घ्या.

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. पांढऱ्या लेगहॉर्न वंशाच्या कोंबड्या पांढरी अंडी देतात, काही जाती तपकिरी देतात, आणि कवचाच्या रंगाचा आतल्या पोषणाशी संबंध नसतो. बलकाचा रंग खाद्यावर ठरतो. खाद्यात पिवळा मका जास्त असेल किंवा कोंबडी हिरवा पाला खात हिंडत असेल, तर बलक गडद होतो. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळूनही तो गडद करता येतो. म्हणून बलक केशरी दिसला की अंडे जास्त कसदार, हा अंदाज भरवशाचा नाही. गावरान अंड्याची चव वेगळी असते हे मीही मान्य करतो, आणि मोकळी फिरणारी कोंबडी पाहायला कोणालाही आवडते. पण 100 ग्रॅमला 100 ग्रॅम अशी तुलना केली तर प्रथिनांत सांगण्यासारखा फरक नसतो. किंमत मात्र दुपटीहून अधिक असते आणि ती का असते, तर गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, तर पोल्ट्रीतली लेअर कोंबडी तीनशेच्या पुढे. वर्गणीच्या पैशातून जास्तीत जास्त मुलांना अंडे मिळावे, असे ठरवायचे असेल तर हा हिशोब समितीपुढे ठेवा.

खाद्याने अंड्यात बदल होतच नाही असे मात्र नाही. खाद्यात जवस घातले तर बलकातली ओमेगा-3 स्निग्धाम्ले वाढतात आणि ड जीवनसत्त्व, आयोडीन, सेलेनियम यांचेही प्रमाण खाद्याने वाढवता येते. प्रथिने मात्र फारशी वाढत नाहीत. त्यामुळे महागड्या खोक्यावर ‘अधिक प्रथिने’ लिहिलेले दिसले, तर एका अंड्यामागे किती ग्रॅम आणि अंड्याचे वजन किती, हे मागच्या बाजूला वाचावे. बहुतेक वेळा अंडेच मोठे असते.

प्लास्टिकच्या अंड्यांबद्दल भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, स्वतंत्र मार्गदर्शक टिपण काढून अशी अंडी ही अफवा असल्याचे स्पष्ट केलेले आहे. चित्रफितीत दाखवतात ते कवचाच्या आतले पातळ आवरण असते आणि ते सुकले की कागदासारखे किंवा प्लास्टिकसारखे दिसते. अंडे अति थंडीत गोठले तर बलक रबरासारखा घट्ट होतो आणि नंतर उकडल्यावर तो चेंडूसारखा वाटतो. सहा-सात रुपयांच्या वस्तूची नक्कल करायची, त्यात कवच, आवरण, पांढरा भाग, बलक आणि हवेची पोकळी एवढे सगळे बसवायचे, आणि तरीही नफा मिळवायचा, हे कोणत्याच धंद्यात जमणारे नाही. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडा दिसली तरी पालक घाबरतात. ती जास्त वेळ उकडल्यामुळे लोह आणि गंधक यांच्या संयोगाने येते आणि निरुपद्रवी असते.

औषधांचा मुद्दा मात्र अफवा म्हणून सोडून देऊ नका, कारण त्यात खरी काळजी करण्यासारखा भाग आहे. डिसेंबर 2025 मध्ये नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांच्या अंशावरून मोठी चर्चा झाली. अंड्यांचा संबंध कर्करोगाशी जोडणारे दावे दिशाभूल करणारे असून त्यांना शास्त्रीय आधार नाही, असे प्राधिकरणाने तेव्हा सांगितले. त्याच निवेदनात कुक्कुटपालनाच्या कोणत्याही टप्प्यावर या औषधांचा वापर निषिद्ध असल्याचेही पुन्हा स्पष्ट केले. किलोमागे 1 मायक्रोग्रॅम हा जो आकडा सगळीकडे फिरला, त्याचा अर्थ तेवढे औषध चालते असा नाही. आधुनिक प्रयोगशाळा खात्रीने ओळखू शकतील अशी ती नीचतम पातळी आहे आणि तिच्या वर काही सापडले तर कारवाई करता यावी म्हणून ती ठरवलेली आहे. म्हणून मुलांसाठी अंडी घेताना कोंबड्यांना औषध दिल्यानंतर तो किती दिवस अंडी विकायला काढत नाही, असे पोल्ट्रीवाल्याला बिनदिक्कत विचारा. नीट काम करणाऱ्या माणसाकडे औषधांची नोंदवही असते.

नीलिमा_पुणे

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आकडेवारीचे काम करते, त्यामुळे हृदयविकाराच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहिते. इथे पालकांचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण गोंधळ तज्ज्ञांच्या बदलत्या सल्ल्यातूनही आलेला आहे.

एका अंड्याच्या बलकात सुमारे 185 ते 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. 1968 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल खावे असा सल्ला दिला आणि तेव्हापासून अंड्याकडे संशयाने पाहणे सुरू झाले. पुढे असे दिसून आले की रक्तातले बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते आणि बहुतेक माणसांत अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धांचा परिणाम जास्त असतो. म्हणून 2015च्या अमेरिकी आहार मार्गदर्शक तत्त्वांत 300 मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकण्यात आली. या एका बदलावरून ‘शास्त्रज्ञांनी चूक कबूल केली, आता हवी तेवढी अंडी खा’ असे संदेश निघाले. ते खरे नाहीत, कारण त्याच दस्तऐवजात कोलेस्टेरॉल शक्य तितके कमी खावे असेही लिहिले होते.

यानंतर दोन मोठे अभ्यास आले. 2019 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अमेरिकेतल्या 29,615 प्रौढांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात रोज अर्धे अंडे जास्त खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे 6 टक्क्यांनी अधिक आढळला. 2020 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या अभ्यासात दिवसाला एका अंड्यापर्यंत असा धोका वाढलेला आढळला नाही. आशियाई लोकसमूहांत तर तो किंचित कमी दिसला. वर्तमानपत्रांनी पहिल्यावर ‘अंडी घातक’ आणि दुसऱ्यावर ‘अंडी सुरक्षित’ असे मथळे दिले.

असे मथळे समोर आले की मी काही गोष्टी शोधते आणि त्या तुम्हालाही शोधता येतील. आधी 6 टक्के कशाचे, हे पाहावे. त्या अमेरिकी अभ्यासात साधारण साडेसतरा वर्षांच्या काळात प्रत्यक्ष धोक्यातली वाढ सुमारे 1.1 टक्का होती, म्हणजे शंभर माणसांमागे एक. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ऐकणाऱ्याच्या मनावर त्यांचा परिणाम फार वेगळा होतो. मग ही माणसे अंड्याबरोबर काय खात होती, हे विचारावे. अमेरिकेत अंडे अनेकदा लोण्यात परतून, खारवलेल्या मांसासोबत खाल्ले जाते, आणि आकडेशास्त्राने असे परिणाम वेगळे काढण्याचा प्रयत्न केला तरी ते पूर्णपणे वेगळे होत नाहीत. उलट्या दिशेनेही हेच घडते. चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या 2018च्या अभ्यासात रोज अंडे खाणाऱ्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाचे प्रमाण कमी दिसले, पण रोज अंडे खाणारी माणसे तिथे अधिक शिकलेली आणि सुस्थितीतली होती. म्हणून मी त्या अभ्यासावरूनही ‘अंड्याने पक्षाघात टळतो’ असे म्हणणार नाही. या सर्व अभ्यासांत माणसे जे खात होती त्याची नोंद ठेवलेली होती, कोणाला मुद्दाम अंडी देऊन पाहिलेले नव्हते. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, शक्यता दाखवतो.

पैसे कोणी दिले, हेही पाहावे. शोधनिबंधाच्या शेवटी अर्थसाहाय्य आणि हितसंबंध यांचा उल्लेख असतो. अमेरिकेत अंडी उत्पादकांचे मंडळ संशोधनाला पैसे देते. आपल्याकडे ‘रोज अंडे खा’ ही जाहिरात घराघरांत पोचवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती हीसुद्धा 1982 पासून कुक्कुटपालकांचीच संघटना आहे. तिची माहिती खोटी असते असे मी म्हणत नाही, पण तिचे काम अंड्यांचा खप वाढवणे हे आहे आणि ते लक्षात ठेवूनच तिची पत्रके वाचावीत. हीच कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावावी. अंड्यांविरुद्धचा पुष्कळसा मजकूर संपूर्ण वनस्पतीजन्य आहाराचा प्रचार करणाऱ्या संघटनांकडून येतो आणि त्यांचाही निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

सध्याचा जबाबदार सल्ला कोणता, तर 2019 अखेरच्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या निवेदनानुसार निरोगी प्रौढांनी समतोल आहारात दिवसाला एक अंडे खाण्यास हरकत नाही. मधुमेह किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्यांनी सावध राहावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याशी या वादाचा जवळजवळ काही संबंध येत नाही आणि सभेत तसे स्पष्ट सांगायला हरकत नाही.

जयश्री_सांगोला

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सुनीताताई, 2024ची मार्गदर्शक तत्त्वे मी वाचायला घेतली आहेत. आणखी दोन शंका आहेत. उंची वाढण्याबद्दलच्या संदेशात दक्षिण अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा उल्लेख आहे आणि तो प्रयोग खरा असल्याचे मला शोधताना आढळले. मग तो पालकांना सांगावा का? आणि ‘अंडे उष्ण असते’ असे म्हणणाऱ्या आजींना काय उत्तर द्यावे? त्यांना तुमचे खोटे आहे असे म्हणण्याची माझी इच्छा नाही.

नीलिमा_पुणे

प्रयोग खरा आहे आणि चांगला आहे. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या 163 बाळांवर तो झाला आणि 2017 मध्ये बालरोगशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले गेले आणि त्यांच्यात खुजेपणाचे प्रमाण 47 टक्क्यांनी कमी आढळले. इथे चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवारी केली होती, त्यामुळे हा पुरावा नुसत्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासापेक्षा भक्कम ठरतो.

पण तसाच प्रयोग पुढे आफ्रिकेतल्या मलावी देशात 660 बाळांवर करण्यात आला आणि तिथे उंचीत फरक पडला नाही. तिथली बाळे आधीपासूनच बऱ्यापैकी मासे खात होती आणि त्यांच्यात खुजेपणाही तुलनेने कमी होता, हे एक संभाव्य कारण संशोधकांनी दिले आहे. इक्वेडोरमधल्या मुलांची दोन वर्षांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा तिथला फरकही टिकलेला दिसला नाही. म्हणजे आहारात जी उणीव आहे ती अंड्याने भरून निघते, उणीवच नसेल तर अंडे वेगळे काही करत नाही, असे या दोन प्रयोगांवरून म्हणता येईल. शिवाय ती वर्षाच्या आतली बाळे होती आणि त्यांना रोज अंडे मिळत होते. तुमची मुले सहा वर्षांच्या पुढची आहेत आणि अंडे आठवड्यातून एकदा मिळणार आहे. त्यामुळे उंचीचे आश्वासन पालकांना देऊ नये. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांना मात्र हे सांगण्यासारखे आहे की जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023च्या मार्गदर्शक सूचनेत सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांना मांस, मासे किंवा अंडी यांपैकी काही रोज द्यावे असे म्हटले आहे.

सुनीता_परभणी

नीलिमाताईंशी पूर्ण सहमत आहे. आश्वासनाऐवजी हिशोब सांगा. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 23 ग्रॅम प्रथिने लागतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशींत आहे. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळाली तर त्या दिवसाची चौथाई गरज भागते. पण आठवड्याची गरज 161 ग्रॅम आहे आणि तिच्यात आठवड्यातल्या एका अंड्याचा वाटा चार टक्केही भरत नाही. शाळेच्या जेवणाचा निकष प्राथमिक वर्गांसाठी 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने असा आहे, म्हणजे अंड्याच्या दिवशी त्यातली निम्मी प्रथिने अंड्यातून येतात. हे ऐकल्यावर एखादा पालक नक्की विचारेल की मग आठवड्यातून दोन-तीनदा का देत नाही, आणि माझ्या मते सभेत खरी चर्चा त्याच प्रश्नावर व्हायला हवी.

उष्णतेबद्दल आजींशी वाद घालू नका. आयुर्वेदातली उष्ण-शीत ही कल्पना पदार्थाच्या गुणांचे वर्णन करते, पोषणाच्या कोष्टकांत ती मोजलेली नसते, त्यामुळे एकाच्या आधारे दुसरे खोटे ठरवता येत नाही. उन्हाळ्यातही उकडलेले अंडे निरोगी मुलांना अपाय करत नाही, एवढे सांगावे. आजींच्या सावधगिरीत एक फार खरा भाग आहे आणि त्याचा मान राखावा: उन्हाळ्यात अंडे लवकर खराब होते. उकडलेले अंडे नेहमीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त ठेवू नये, असा अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला आहे. मार्च-एप्रिलमधल्या सोलापूरला तो जसाच्या तसा लागू पडतो. अंडी सकाळी उकडून दुपारपर्यंत ठेवण्यापेक्षा जेवणाच्या आधी उकडावीत, पांढरा भाग आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत. कच्चे अंडे अधिक पौष्टिक असते असे कोणी म्हणाले, तर 1998चा एक छोटा पण नेटका प्रयोग सांगता येईल. त्यात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे 91 टक्के प्रथिने पचली, कच्च्या अंड्यातली सुमारे 51 टक्केच. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो.

आणखी एक काम सभेतच करून घ्या. कोणत्या मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे आणि कोणत्या घरात अंडे खात नाहीत, याची पालकांकडून लेखी नोंद घ्या. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देणे ठीक आहे, पण केळ्यात प्रथिने एक ग्रॅमच्या आसपासच असतात. वर्गणीत बसत असेल तर केळ्याबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे द्यावेत, म्हणजे त्या मुलांचे नुकसान होणार नाही.

भोसले_विटा

उन्हाळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. गावरान अंडी घेतली आणि कळपात कोंबडा असला तर अंडी फलित असतात आणि उन्हाळ्याच्या तापमानात त्यांत पिल्लाची वाढ सुरू होऊ शकते. पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबडा नसतो, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. अंडी आठवड्याला लागतील तेवढीच मागवा, ट्रे सावलीत आणि हवेशीर जागी ठेवा, आणि अंडी आधीच धुऊन ठेवू नका, कारण धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर निघून जातो. उकडण्याच्या वेळी पाण्यात सोडल्यावर जे अंडे वर तरंगते ते जुने असते, कारण कवचाच्या छिद्रांतून आतले पाणी उडून हवेची पोकळी मोठी झालेली असते. असे अंडे मुलांना देऊ नका. तडा गेलेले अंडेही ट्रे उतरवतानाच परत करा. बिलावर अंडी गोळा केल्याची तारीख लिहून मागा. जो पोल्ट्रीवाला ती लिहून द्यायला तयार असेल, त्याच्याकडूनच शाळेसाठी अंडी घ्या.